घरात संसार, बिल दुकानाचं

वीजबिल हातात आलं की आपण दोनच गोष्टी बघतो, रक्कम आणि भरायची शेवटची तारीख. आज तिसरीही बघा. बिलावर ‘दर संकेत’ अशी एक ओळ असते. घरगुती की व्यावसायिक, सिंगल फेज की थ्री फेज, हे तिथे लिहिलेलं असतं. खालचे सगळे आकडे त्या ओळीवरून ठरतात. ती चुकली असेल तर मीटर कितीही अचूक असो, बिल चुकणारच.

ती चुकलेली घरं गावोगावी सापडतात. तळमजल्याच्या गाळ्यात वडिलांचं किराणा दुकान होतं. ते बंद पडलं, तिथे मुलाने संसार थाटला, मीटर मात्र दुकानाचाच राहिला. चाळीतल्या खोलीतला दवाखाना हलला, भाडेकरू राहायला आला, आणि घरभाड्यासोबत दवाखान्याच्या दराचं बिलही त्याच्या गळ्यात पडलं. नव्या इमारतीत ताबा मिळाला, गृहप्रवेश झाला, पण दिवे अजून बिल्डरने बांधकामासाठी घेतलेल्या तात्पुरत्या जोडणीवर जळताहेत. पिठाची गिरणी विकली, पण थ्री फेजचा मीटर भिंतीवर तसाच आहे आणि घरात चालतात फक्त दोन पंखे, चार दिवे आणि एक फ्रिज.

यातलं कुणीही चोरी करत नाही. उलट प्रत्येक जण दर महिन्याला जास्तीचे पैसे भरतो आहे, आणि तेही वेळेवर.

किती जास्तीचे? महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या 100 युनिटांचा टप्पा सर्वांत स्वस्त असतो, पुढच्या टप्प्याचा दर त्याच्या दुपटीवर जातो. व्यावसायिक दरात 20 किलोवॉटपर्यंतच्या छोट्या ग्राहकाला हा स्वस्त टप्पाच नाही. पहिल्या युनिटापासून एकच चढा दर. 2024-25 च्या दरपत्रकात व्यावसायिक जोडणीचा स्थिर आकार घरगुती सिंगल फेजच्या सुमारे चौपट होता. वर वीज शुल्क, घराला 16 टक्के आणि व्यावसायिकाला 21 टक्के. शिवाय व्यावसायिक बिलात वीजविक्री कर असतो, तो घरगुती बिलात नसतो.

हे सगळं एकत्र करा. महिन्याला साठ-सत्तर युनिटं वापरणाऱ्या घराचं बिल चुकीच्या वर्गवारीमुळे दुपटीच्या पुढे जातं. वापर वाढत गेला की फरक कमी होत जातो, कारण घरगुती दराचे वरचे टप्पे फार महाग आहेत. एसी लावून पाचशे युनिटं जाळणाऱ्याला ही चूक फारशी जाणवत नाही. ती चटका देते ती एकट्या राहणाऱ्या म्हातारीला, खोलीत भाड्याने राहणाऱ्या कामगाराला, दोन दिव्यांवर अभ्यास करणाऱ्या पोरांच्या घराला. जो सर्वांत कमी वीज वापरतो, त्याच्यावरच या चुकीचा सर्वांत मोठा बोजा पडतो. म्हणून ही कागदी त्रुटी आहे असं म्हणून सोडून देता येत नाही. हा अन्याय आहे.

आता कायदा दोन्ही बाजूंनी कसा वागतो ते पाहा.

घरगुती मीटरवर कुणी दुकान चालवलं, तर वीज कायदा 2003 चं कलम 126 लागू होतं. अनधिकृत वापर ठरतो आणि लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. वापर कधीपासून सुरू झाला ते कळत नसेल, तर तपासणीच्या आधीचे 12 महिने धरतात. अपील करायचं तर अर्धी रक्कम आधी भरायची. इथे वीज कंपनीकडे अधिकारी आहे, मुदत आहे, दंड आहे.

दुकानाच्या मीटरवर घर चालत असेल तर? तर कुणीही तपासायला येत नाही. दर महिन्याला रीडिंग घ्यायला येणारा माणूस उंबऱ्यापाशी चपला, दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि चुलीवरचा कुकर बघतो, मीटरचा फोटो काढतो आणि निघून जातो. ग्राहकाने स्वतः ओळखायचं, स्वतः अर्ज करायचा, स्वतः पुरावे जोडायचे. कंपनीचं नुकसान होत असेल तर कायदा धावत येतो. ग्राहकाचं होत असेल तर तो ग्राहकाची वाट बघत बसतो.

घरातून छोटा व्यवसाय करणाऱ्यांचीही यात फसगत होते. शिवणकाम, पापड, शिकवणी, डबे करणाऱ्या बायकांना कुणीतरी सांगतं, ‘आता तुम्हाला कमर्शियल मीटर लागेल.’ आधी चौकशी करा. राज्य वीज नियामक आयोगाच्या दरआदेशांत अशी तरतूद आली आहे की, राहत्या घराच्या एका भागात व्यवसाय असेल, वापर महिन्याला 300 युनिटांच्या आत असेल आणि मागच्या आर्थिक वर्षात 3600 युनिटांच्या आत राहिला असेल, तर घरगुती दरच लागतो. घरातूनच काम करणारे वकील, डॉक्टर, सीए यांच्यासाठीही घरगुती दराची सोय आहे. रुग्णालय आणि नर्सिंग होम मात्र त्यात येत नाही. चालू वर्षाच्या दरआदेशातली मर्यादा पाहून घ्या आणि मगच कुठल्याही अर्जावर सही करा.

या 3600 युनिटांच्या तरतुदीत एक मोलाची गोष्ट आहे. अशा ग्राहकाचा वापर वर्षाअखेरीस तपासायचा आणि मर्यादा ओलांडली असेल तर आधी कळवून त्याची सवलत काढायची, असं आयोगाने सांगितलं आहे. म्हणजे दरवर्षी एकेका ग्राहकाचा वापर तपासणं शक्य आहे. मग हीच तपासणी ग्राहकाच्या बाजूने का होत नाही? व्यावसायिक जोडणी, महिन्याला पन्नास युनिटं, वापर संध्याकाळी आणि पहाटे, असा नमुना दिसला की कंपनीने स्वतःहून पत्र पाठवायला हवं: ‘इथे आता कुणी राहतं का? राहत असेल तर वर्गवारी बदलून घ्या.’ स्मार्ट मीटर बसले की तासातासाचा वापर कंपनीकडे जाणार आहे. ज्या माहितीतून चोरी पकडता येते, तिच्यातून जास्तीची वसुलीही पकडता येते. आयोगाने हे काम कंपन्यांना बंधनकारक करावं, ही माझी थेट मागणी आहे.

ते होईपर्यंत लढाई आपली आपणच लढायची आहे, आणि ती अवघड नाही.

दुकानाचं घर झालं असेल, तर बहुतेक वेळा मीटरला हात लावावा लागत नाही. बदलते ती फक्त वर्गवारी. थ्री फेजवरून सिंगल फेजवर यायचं असेल तर मात्र मीटर बदलतो आणि मंजूर भार कमी करून घ्यावा लागतो. तेही करण्यासारखं आहे, कारण अलीकडच्या दरपत्रकांत थ्री फेजचा स्थिर आकार सिंगल फेजच्या तिपटीच्या घरात आहे. एकही युनिट न जाळता तो भरावा लागतो.

अर्ज लेखी करा, किंवा कंपनीच्या पोर्टलवर करा, पण तोंडी सांगून परत येऊ नका. पोच घ्या, तारखेचा शिक्का घ्या. सोबत राहण्याचा पुरावा जोडा. घर म्हणून भरलेली मालमत्ता कराची पावती, रेशनकार्ड, दुकानाचा गुमास्ता परवाना बंद केल्याचा कागद, खोलीचे फोटो, यातलं जे असेल ते. मीटर दिवंगत माणसाच्या नावावर असेल तर नावबदलाचा अर्जही सोबतच द्या. थकबाकी आधी भरून टाका. अर्जात प्रत्यक्ष तपासणीची मागणी स्वतःहून करा. तपासणीचा अहवाल हाच तुमचा सर्वांत मोठा साक्षीदार.

भाडेकरूंनो, मीटर मालकाच्या नावावर असतो आणि बिल तुम्ही भरता, म्हणून मालकाला घाई नसते. उद्या गाळा पुन्हा दुकानाला देता येईल, असाही काहींचा हिशेब असतो. भाडेकरार करतानाच वर्गवारी बदलण्याची अट लिहून घ्या.

कंपनीने दाद दिली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे. लोकपालांची कार्यालयं मुंबईत आणि नागपुरात आहेत. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मंचाकडे जा. वीज कायद्याच्या कलम 62 चं सहावं पोटकलम लक्षात ठेवा. ठरलेल्या दरापेक्षा जास्त वसूल केलेली रक्कम बँक दराच्या व्याजासह परत मागण्याचा हक्क ते देतं. वाद होतो तो एकाच प्रश्नावर, परतावा कोणत्या तारखेपासून? तिथे तुमच्या अर्जावरचा शिक्का बोलतो. अर्ज एक महिना लांबवला, तर त्या महिन्याच्या पैशांवरचा तुमचा दावा तेवढा कमकुवत झाला.

म्हणून हे वाचून झालं की बिल काढा आणि दर संकेत वाचा. आपला बरोबर असेल तर शेजारच्या आजींचा वाचून द्या, खालच्या गाळ्यात राहणाऱ्या कुटुंबाचा वाचून द्या. चुकलेला दिसला तर अर्ज याच आठवड्यात द्या.