सेम टू सेम

आमच्या सोसायटीतल्या काकांकडे पद्मिनी आहे. कुर्ल्याचा कारखाना थंडावून दोन दशकं झाली, मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांतूनही ती 2023 च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. काकांची मात्र दर रविवारी न्हाऊन-माखून उन्हात उभी असते. 2022 मध्ये जुन्या मोटारींच्या नोंदणी नूतनीकरणाची फी 600 रुपयांवरून 5000 झाली, तेव्हाही काकांनी सरकारला मोठ्या मनाने माफ केलं. गॅरेजवाल्याला मात्र त्यांच्या राज्यात माफी नाही.

गेल्या महिन्यात गाडी मिसिंग मारू लागली. गॅरेजवाल्याने बॉनेटमध्ये नुसतं डोकावून सांगितलं, "काका, कंडेन्सर गेलाय." कंडेन्सर म्हणजे डिस्ट्रिब्युटरला स्क्रूने लटकवलेली बोटाच्या पेराएवढी डबी. पॉइंट उघडताना तिथे ठिणगी उडून ते जळू नयेत आणि कॉइलचा करंट प्लगपर्यंत जोरात पोचावा, एवढंच तिचं काम. येते चहा-वडापावच्या किमतीत. इतका स्वस्त आजार काकांना अपमानास्पद वाटला. स्वस्त सांगतोय म्हणजे पुढे काहीतरी मोठं काढणार, हे त्यांनी ओळखलं आणि ठरवलं की अख्खा डिस्ट्रिब्युटरच बदलायचा, तोही घरी.

डिस्ट्रिब्युटर काढणं सोपं असतं. देशात काढणं सगळंच सोपं असतं. एक बोल्ट ढिला केला की तो हातात येतो. काका मुळात शिस्तीचे. काढण्यापूर्वी त्यांनी काकूंच्या लाल नेलपॉलिशने त्याच्या अंगावर, रोटरच्या टोकासमोर, ठिपका दिला. नवा बसवताना रोटरचं तोंड त्याच दिशेला हवं, नाहीतर टायमिंगचे तीनतेरा. मग नमुना म्हणून तोच डिस्ट्रिब्युटर पिशवीत घालून ते नाना पेठेत गेले.

स्पेअर पार्टच्या दुकानात 'नकली' नावाची वस्तू नसते. तिथे कंपनीचा असतो, कंपनीसारखा असतो, कंपनीला पुरवतो त्याचाच असतो, दिल्लीचा असतो. आणि ज्याच्याबद्दल दुकानदारालाही काही सांगता येत नाही तो 'सेम टू सेम' असतो. खोक्यावरचा चकचकीत होलोग्राम जितका मोठा, तितका आतला माल लाजाळू. काकांनी अर्धा तास घासाघीस करून सेम टू सेम घेतला. "जुना इथेच टाका, दोनशे कमी करतो," दुकानदार म्हणाला. काकांनी तो टाकला. त्याच्यासोबत नेलपॉलिशचा ठिपकाही टाकला, हे पार्किंगमध्ये परत आल्यावर कळलं.

आता पहिला सिलिंडर शोधणं आलं. त्याचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवायचा, हँडल फिरवायचं, अंगठ्याला हवेचा दाब लागला की पिस्टन कॉम्प्रेशनला वर आला असं समजायचं. एवढी साधी गोष्ट. पण तोवर पार्किंगमध्ये कमिटी जमली होती. फायरिंग ऑर्डर 1-3-4-2 असते हे ऐकून दुसऱ्या मजल्यावरच्या सीएंनी हरकत घेतली. एकानंतर तीन कसे, मधल्या दोनचा हिशेब कुठे गेला? सेक्रेटरींचं म्हणणं पडलं की गाड्यांत आता डिस्ट्रिब्युटर नसतोच, तेव्हा तो न बसवता चालू करून बघावी. अमेरिकेत 1910 च्या कॅडिलॅकसाठी केटरिंग नावाच्या इंजिनिअरने पॉइंट-कॉइलची ही पद्धत बसवली. त्याला सोसायटी नव्हती, म्हणून जमलं.

पिस्टन चार स्ट्रोकच्या एका चक्रात दोनदा वर येतो, एकदा दाब घेऊन आणि एकदा धूर सोडायला. चर्चेच्या भरात काकांचा अंगठा दुसऱ्या वेळी भोकावर होता. स्टार्टर मारताच कार्बोरेटरने असा बार काढला की वॉचमन गेट उघडून रस्त्यावर गेला, आणि कमिटीला एकदम घरची कामं आठवली. मग रोटर अर्धा फेरा फिरवला. गाडी चालू झाली. म्हणजे चालू झाली आणि मिसिंग मारत राहिली, आधीसारखीच. नव्याची शाफ्टच बुशात डुलत होती; शाफ्ट डुलली की पॉइंटची फट दर फेरीला वेगळी.

दुसऱ्या दिवशी काका तावातावाने पेठेत. दुकानदार जराही डगमगला नाही. "काका, मी तेव्हाच म्हणणार होतो," असं म्हणून त्याने आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू आणली आणि आवाज खाली घेतला. "खरा कंपनीचा. जुन्या स्टॉकमधला शेवटचा. पॉइंट साफ करून, नवा कंडेन्सर लावून ठेवलाय. दुप्पट पडतील, पण हा बघा." त्याने बोट ठेवलं तिथे लाल ठिपका होता. "कारखान्यात तपासणी झाल्याची खूण. डुप्लिकेटला नसते ही."

काकांनी भाव केला नाही. संध्याकाळी पद्मिनी पहिल्या झटक्यात लागली आणि एकही ठोका न चुकवता उभी राहिली. काकांनी साऱ्या सोसायटीला बोलावून ठिपका दाखवला, ओरिजनल मालाची पारख कशी करायची हे समजावलं आणि काकूंनाही हाक मारली. काकूंनी तो बराच वेळ निरखून पाहिला आणि विचारलं, "कितीला पडला?"