चाळीस किलोचा पाहुणा

बायकोशी मी खोटं बोललो नाही. ‘चाळीस किलोचा आहे,’ एवढंच म्हणालो. पॉवर हॅमरच्या दुनियेत चाळीस किलो म्हणजे वरून आपटणाऱ्या डोक्याचं वजन. त्या डोक्याला सांभाळणारं बिडाचं धूड, खालची ऐरण, चाक, कमानपाटा हा गोतावळा वेगळा, आणि तो धरला की काटा टनाच्या पुढं जातो. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. धर्मराजानं कुरुक्षेत्रावर हेच केलं होतं, आणि त्याच्याही गोष्टीत हत्तीच होता.

तसं पाहिलं तर दोष तिचाच. बँकेतून निवृत्त झाल्यावर साताऱ्यातले लोक भजनी मंडळात जातात नाहीतर पहाटे अजिंक्यतारा चढतात. मी परसात भट्टी घातली. रेल्वेच्या रुळाचा तुकडा ही ऐरण, जुना ब्लोअर हा भाता. पण लोहारकी एकट्याचं काम नाही. एका हातात सांडशी, दुसऱ्यात छोटा हातोडा, आणि तो हातोडा कुठं मारायचं ते नुसतं दाखवतो. खरा मार घणाचा, आणि घणाला दुसरा माणूस लागतो. रस्त्याकडेला पाल टाकून बसलेलं घिसाडी जोडपं बघा. तो बसून तापलेला पाटा फिरवतो, ती पदर खोचून उभ्यानं घण घालते, आणि ताल एकदाही चुकत नाही. आमच्या हिला मी मुद्दाम पोवई नाक्याच्या पुढं तसं एक पाल दाखवायला नेलं. ‘संसार म्हणतात तो हा,’ मी म्हणालो. तिनं पाच मिनिटं शांतपणे बघितलं. ‘त्या बाईच्या नवऱ्याला पेन्शन नाही,’ म्हणाली आणि भाजी घ्यायला गेली.

तेव्हा घण घालणारं, पण उलटून न बोलणारं कुणीतरी हवं होतं.

या पट्ट्यात लोखंडाचं वेड नवं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी त्याला शिवेनात. तरी ते हटले नाहीत, आणि 1910 मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आमच्या साताऱ्यातले नांगरवाले धनजीशा कूपर तर 1937 मध्ये मुंबई इलाख्याचे पंतप्रधान झाले. चार महिनेसुद्धा टिकले नाहीत म्हणा, पण झाले. लोखंडाच्या नादानं माणूस कुठवर पोचतो! मी सांगलीपर्यंत पोचलो.

माधवनगर रस्त्याच्या आतल्या अंगाला एका बंद पडलेल्या शेडमध्ये तो उभा होता. एके काळी याच्याखाली फाळ, टिकाव, पहारी, बैलगाडीच्या धावा निघायच्या. आता त्याच्या खांद्यावर कोंबडी बसली होती.

‘इंग्लंडचा माल हाय साहेब,’ मालक म्हणाले. ‘मँचेस्टर.’

‘पुराचं पाणी लागलंय का?’

‘छ्या! तवा आमी माळ्यावर ठेवला हुता.’

टनाचं यंत्र माळ्यावर! हा प्रश्न मला पेठ नाक्याच्या पुढं, टेम्पोत बसल्यावर पडला. पैसे देईपर्यंत माणसाला प्रश्न पडत नाहीत, हा माझा कर्ज खात्यातला तीस वर्षांचा अनुभव, पण तेव्हा मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला असायचो.

घरापुढं टेम्पो थांबला आणि मागोमाग हायड्रा आला. आमची ही दारात दोन तांबे पाणी घेऊन उभी होती, चाळीस किलो उतरवणाऱ्या दोन माणसांसाठी. हायड्रानं ते काळं धूड विजेच्या तारांखालून, जास्वंदीवरून, कंपाउंडच्या भिंतीवरून आत नेताना तिनं वर बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि दोन्ही तांबे घेऊन आत गेली.

पुढचे आठ दिवस मी तारेच्या ब्रशनं रंग खरवडला. हिरवा, त्याखाली राखाडी, त्याखाली पुन्हा हिरवा, दसऱ्याच्या शेंदराची पुटं वेगळीच. सगळ्याच्या खाली, बिडात ओतलेली उठावाची अक्षरं निघाली: बटाला. मँचेस्टर पंजाबात निघालं. मला उलट बरं वाटलं, आपला माणूस निघाला. मग चाकामागची ग्रीसची डबी उघडली. आत ग्रीस नव्हतंच. बोटानं उकरलं तर मैद्यासारखी मऊ, करडी माती निघाली, थरावर थर, मधे एक वाळलेला शिंपला. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी 45 फूट असताना कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती. त्यातली थोडी इथं मुक्कामाला राहिली होती. ती माती मी तुळशीत घातली. तुळस फोफावली, एवढी एक वसुली झाली.

पाया मात्र मी स्वतःच्या अकलेनं घातला. असल्या यंत्राच्या ऐरणीचा पाया घरापासून सुटा ठेवायचा असतो आणि खाली लाकडाची गादी द्यायची असते. मी बाभळीचे ओंडके घातले, पण मोकळी फट ठेवायची ती सिमेंट उरलं म्हणून भरून टाकली.

रविवारी सकाळी नारळ फोडून मोटर चालू केली. पायडल दाबलं की पट्टा ताणतो, चाक फिरतं, कमानपाटा वाकतो आणि डोकं मिनिटाला दोनशेच्या हिशेबानं आपटतं. मी हळूच दाबलं, असं मला वाटलं. चौथ्या ठोक्याला शेजारच्या आजी घराबाहेर होत्या. त्या मूळच्या पाटणच्या, 1967 च्या 11 डिसेंबरच्या पहाटे अंगावरच्या कपड्यानिशी पळालेल्या. ‘कोयना हलली गं!’ म्हणत त्यांनी गल्ली जागी केली. दोन मिनिटांत सगळी गल्ली रस्त्यावर, कुणी टॉवेलवर, कुणी दाढीच्या साबणासकट. मी परसातून ओरडत होतो, ‘भूकंप नाही, मी आहे!’ यानं कुणाला धीर आल्याचं दिसलं नाही.

फट पुन्हा फोडून काढली. पण पायडल मला साधेना. एकतर डोकं हलायचंच नाही, नाहीतर सुटायचंच. शेवटी आमची ही बाहेर आली. ‘सरका,’ म्हणाली. तीस वर्षं शिलाई मशीन चालवलेला पाय तिनं पायडलवर ठेवला आणि डोकं बाळाला थोपटल्यासारखं टप, टप, टप पडायला लागलं. मी सांडशीत लाल पाटा धरून तसाच उभा.

मग मला चेव आला. वाफेचा हातोडा काढणारा जेम्स नॅस्मिथ म्हणे पेल्यात अंडं ठेवून त्याचं कवच हातोड्यानं तडकवून दाखवायचा आणि पेला शाबूत राहायचा. आमच्याकडं अंडं नव्हतं. तपासणीला आलेल्या आजींच्या चंचीत सुपारी होती. ऐरणीवर ठेवली. ‘दोनच खांडं कर गं,’ मी हिला बजावलं. टप झालं. सुपारीचं पीठ झालं.

मी ओशाळून आजींकडं बघितलं. त्यांनी वाकून ते पीठ बोटानं चाचपलं, चिमूटभर तोंडात टाकलं आणि बराच वेळ हिरड्यांवर घोळवलं.

‘खलबत्त्यात कुटून कुटून मनगट गेलं माझं,’ त्या हिला म्हणाल्या. ‘उद्या पान, कात, समदं घेऊन येते. किती वाजता चालू करतीस?’