आटे न जुळणाऱ्या इंजिनाच्या मालकांस

बुद्धिबळाचं 'स्वतंत्र बाण्याचं' इंजिन लिहिणारे थोर प्रोग्रामर यांस,

स. न. वि. वि.

तुमचं इंजिन मिळालं. सोबत खिडकीही मिळाली, आणि ती सोडून ते कोणाशी बोलत नाही हे नंतर कळलं. आमच्याकडची बाकीची मंडळी गावंढळच म्हणायची. कुठल्याही खिडकीशी त्यांची बोली एकच, यूसीआय. 'यूसीआय' अशी हाक मारली की नाव-गाव सांगून 'यूसीआयओके' म्हणतात, 'इजरेडी'ला 'रेडीओके', विचार झाला की 'बेस्टमूव्ह'. साध्या मजकुरात. कुठल्याही खिडकीत बसवा, पाच मिनिटांत डाव सुरू.

तुमच्या चिरंजीवांसाठी मात्र मी स्वतः यूसीआय झालो. एका लॅपटॉपवर स्टॉकफिश इंजिन, दुसऱ्यावर ते, मध्ये मी. तिकडची खेळी माउसने इकडे, इकडची तिकडे. रात्री दीडला, ३७व्या खेळीला, माझ्या हातून हत्ती एक घर अलीकडे पडला. खेळी मागे घ्यायची सोय तुम्ही ठेवलेली नाही. चिरंजीव जिंकले. हार्दिक अभिनंदन!

मी राहतो साकीनाक्याला, खैरानी रोडच्या आत. खाली गाळ्यात लेथ चालवणाऱ्या काकांना तुमच्याबद्दलची कैफियत ऐकवली. त्यांनी अर्ध्या इंचाचे दोन बोल्ट आणि एक नट माझ्या हातावर ठेवला. बोल्ट दिसायला जुळे, पण एक व्हिटवर्थ मापाचा, इंचात १२ आटे; दुसरा अमेरिकन युनिफाइड मापाचा, १३. पहिल्यावर नट सरसर चढला. दुसऱ्यावर जेमतेम दोन फेरे फिरला आणि अडकला. "लाव जोर," काका म्हणाले, "दोघांचेही आटे जातील." पोलाद दोन्हीकडे एकच होतं हो.

तुमची बाजूही मला ठाऊक आहे. यूसीआयमध्ये इंजिनाला बरोबरी मागता येत नाही, डाव सोडता येत नाही. ते सगळं खिडकीच्या हातात. स्वाभिमानी इंजिनाला हे झोंबणारच, आणि यात तुमचं खरं आहे. पण एक्सबोर्ड खिडकीसाठीच्या टिम मान यांच्या बोलीत तेही करता येतं. ती बोली यूसीआयच्याही आधीची आणि सगळ्यांना खुली. तीही तुम्हाला चालली नाही.

स्टेफान मायर-कालेन यांचं काय चुकलं बघा. त्यांचं श्रेडर हे विकायचं इंजिन. तरी २००० साली रुडॉल्फ ह्यूबर यांच्यासोबत यूसीआय तयार करून त्यांनी ते प्रतिस्पर्ध्यांनाही फुकट वापरू दिलं. धंद्याची अक्कलच नाही! तुमच्यासारखी आधी खिडकी रंगवायची, तिला कडी घालायची, मग आत बसून जगज्जेतेपद घ्यायचं. आत दुसरं कोणी येणारच नाही, तर हरवणार कोण?

कळावे. लोभ पुढच्या आवृत्तीत असला तरी चालेल.

आपला,
एक हमाल
(खेळ्यांचा)

ता. क. : तो डाव काल परत लावला. हत्ती या वेळी नीट ठेवला. ४१व्या खेळीला तुमच्या खिडकीत 'कृपया नोंदणी करा' अशी पाटी आली. ती काही केल्या बंद होईना. मागे चिरंजीवांचं घड्याळ चालूच होतं.