जुन्या मशीनचा हरवलेला सातबारा कसा शोधावा

ही मार्गदर्शिका बीड जिल्ह्यातल्या छापखानेवाल्यांसाठी आहे. ज्यांच्याकडे विंडोज एक्सपी कधी नव्हतंच, त्यांनी वाचून उगाच वेळ घालवू नये.

पूर्वपीठिका थोडक्यात. पेजमेकरमध्ये श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात जुळवलेली लग्नपत्रिका नव्या कॉम्प्युटरवर उघडली, की गणपतीच्या श्लोकाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि स्वल्पविरामांचा गोंधळ दिसतो. एक्सपीची साथ मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ रोजी सोडली. मग एका हुशार भाच्यानं नव्या कॉम्प्युटरच्या पोटात व्हर्च्युअलबॉक्स टाकून त्यात एक्सपीचं मशीन बसवलं, आणि तो हिंजवडीला नोकरीला गेला. पुढे कॉम्प्युटर फॉरमॅट झाला. डिस्कची भली मोठी फाइल कुणीतरी जपली, सेटिंगची फाइल काही केबींची म्हणून कचऱ्यात गेली. आकारावरून महत्त्व ठरवण्याची आपली पद्धतच आहे.

डिस्कची फाइल म्हणजे जमीन आणि सेटिंगची फाइल म्हणजे सातबारा. जमीन जागेवर आहे. पण क्षेत्र किती, रस्ता कुठून, कुणाचा हक्क, हे उताऱ्याशिवाय कळत नाही.

प्रथम हात मागे घ्यावेत. मालक म्हणतील, "एकदा चालू तर करून बघू." त्यांना चहा आणायला पाठवावं आणि तेवढ्यात डिस्कच्या फाइलची प्रत काढावी. जे काही बिघडवायचं ते प्रतीवर बिघडवावं.

मग बॅकअप. लक्ष्मीपूजनाचं हळदीकुंकू अजून अंगावर असलेली जुनी हार्ड डिस्क कपाटात शोधावी. तिथं नसेल तर ती भाच्याबरोबर पुण्याला गेली, असं समजावं. १७ सप्टेंबर २०२५ला बीडला रेल्वे आली खरी, पण हार्ड डिस्क अजून ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडेच द्यावी लागते. (बॅकअप असावा तर अंबाजोगाईच्या दासोपंतांसारखा. सुमारे ४० फूट लांब पासोडी, तिच्यावर 'पंचीकरण' लिहिलेलं. चारशे वर्षांनी उलगडायला पासवर्ड लागत नाही. अडचण एवढीच, की लिहायला दासोपंत लागतात.)

डिस्क हाती आल्यावर 'डॉट व्हीबॉक्स' अशा शेपटीची फाइल शोधावी. सापडली पण उघडेना, तर शेजारीच 'व्हीबॉक्स-प्रीव्ह' अशी शेपटी असते. तो आधीचा उतारा. व्हर्च्युअलबॉक्स कुणी न सांगता ठेवतं.

दोन्ही नसतील तर खरी गंमत. मशीनच्या फोल्डरात 'लॉग्ज' नावाचं एक दुर्लक्षित फोल्डर असतं. ती फेरफार नोंदवही. मशीन चालू झालं, की रॅम किती, डिस्क कोणत्या कंट्रोलरवर, मॅक अ‍ॅड्रेस कोणता, सगळं त्यात उतरतं. मागच्या काही वेळांच्या नोंदीही एक, दोन, तीन असे आकडे लावून ठेवलेल्या असतात. त्यांवरून अख्खा उतारा नव्यानं लिहिता येतो. कंटाळवाणं काम आहे. तलाठ्याच्या निष्ठेनं करावं.

याच टप्प्यावर भाच्याला फोन लावण्याची प्रथा आहे.

"कामून रे, सेटिंग काय ठेवलं होतं?"

"मामा, मीटिंगमध्ये आहे. डिफॉल्टच होतं सगळं."

यावर विश्वास ठेवू नये. डिफॉल्ट कुणाचं, हा प्रश्न उरतोच. नवं मशीन बनवताना यादीतून एक्सपी न निवडता विंडोज १० निवडलं, की डिस्क साटा कंट्रोलरवर बसते. एक्सपीला ते माहीतच नाही; ते निळा पडदा दाखवून बसतं. डिस्क आयडीईवर द्यावी. निम्मे छापखाने इथंच सुटतात.

उरलेले निम्मे स्नॅपशॉटमध्ये अडकतात. भाच्यानं मध्येच कधी स्नॅपशॉट घेतला असेल, तर त्यानंतरचं सगळं काम 'स्नॅपशॉट्स' फोल्डरातल्या वेगळ्या फाइलींत असतं. नुसती मूळ डिस्क जोडली, तर मशीन आनंदानं सुरू होतं आणि ज्या जोडप्याची मुलं आता शाळेत जातात त्यांची पत्रिका प्रूफसाठी समोर ठेवतं. तिथं काही सेव्ह केलं, तर पुढच्या फाइलींचा मुळाशी मेळ तुटतो. म्हणून चहा.

श्रीलिपीचं यूएसबी लॉक मशीनला दिसावं म्हणून यूएसबी फिल्टर नव्यानं लावावा. एकदम बरंच हार्डवेअर बदललेलं दिसलं, की एक्सपी पुन्हा अ‍ॅक्टिव्हेशन मागतं; तेव्हा त्याच्याशी वाद घालू नये, मॅक अ‍ॅड्रेस जुनाच द्यावा.

सगळं जमलं, की सेटिंगची फाइल नोटपॅडमध्ये उघडून दोन प्रती छापाव्यात, लॅमिनेशन करावं. एक भिंतीवर. दुसरी दुसऱ्या गावी ठेवावी, असं जाणकार सांगतात. म्हणजे माजलगावच्या बहिणीकडे. "हे काय रे दादा?" असं तिनं विचारलं, तर "तुझ्या पोराची पत्रिका" म्हणावं, म्हणजे ती जिवापाड जपेल. मात्र पुढे ती मुलीकडच्यांना दाखवली जाणार नाही, याची दक्षता घ्यावी.