ग्राहकाचा मायना

पेशवेकालीन पत्रांचे मायने या विषयावर जो मनुष्य सव्वादोनशे पृष्ठांचा ग्रंथ लिहितो, त्याला महाराष्ट्रात गिऱ्हाईक किती मिळेल याचा अदमास ग्रंथ छापण्यापूर्वी सहज करता येतो. परंतु तसा तो कोणी करीत नाही, कारण केल्यास ग्रंथ छापलाच जात नाही. माझा ग्रंथ छापला गेला. आणि ज्या अर्थी प्रकाशक महाशयांनी निम्मा खर्च माझ्याकडून आगाऊ घेऊन निम्म्या प्रती माझ्याच घरी पोचत्या केल्या, त्या अर्थी त्यांना तरी तो अदमास होता असे मानण्यास भरपूर जागा आहे. त्या प्रती दिवाणाच्या पोटात गेल्या, दिवाणातील गाद्या बाहेर आल्या, आणि गाद्यांना घरात दुसरी जागा नसल्यामुळे कुटुंबाकडून मला सक्त ताकीद मिळाली, की संशोधनाचे काम तूर्त तहकूब करून रोज सकाळचा वेळ निव्वळ विक्रीस द्यावा.

विद्वानाने तागडी हाती धरू नये, असा एक सोवळा समज आपल्याकडे आहे. मी तो मानीत नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशासाठी रीतसर लिमिटेड कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार मिळवले, 23 खंड पुरे केले आणि त्या साऱ्या खटाटोपाची हकिकत 1927 साली ‘माझे बारा वर्षांचे काम’ या नावाने स्वतंत्र पुस्तकात सांगून तेही छापले. विक्रीची हकिकत हीच विक्रीची वस्तू करणारा हा पुरुष मी आदर्श म्हणून समोर ठेवला, आणि स्फूर्तीसाठी ते पुस्तक उघडले. ते इतके रसाळ निघाले की त्या आठवड्याच्या सकाळी त्यातच खर्ची पडल्या.

पुढे ग्रंथालयांच्या चिटणिसांना विनंतिपत्र पाठवण्याचे ठरले. आता, मायन्यांवर ग्रंथ लिहिणाऱ्याच्या पत्राला मायना चुकीचा असून कसे चालेल? जुन्या दफ्तरी रिवाजात लिहिणारा व घेणारा यांची पायरी ठरल्याखेरीज लेखणी उचलता येत नसे. वडिलांना ‘तीर्थस्वरूप’, धाकट्याला ‘चिरंजीव’, बरोबरीच्याला ‘राजश्री’, आणि मातबर असामीला ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य’. परंतु ज्याच्याकडे आपण पैसे मागतो, पण ज्याच्यावर आपण उपकार करीत आहोत अशी आपली मनोमन खात्री असते, तो ग्राहक कोणत्या पायरीवर? हेमाडपंताच्या नावावर चालत आलेल्या मेस्तकात कोणाला कसे लिहावे हे सांगितले आहे. त्यात ग्रंथाच्या ग्राहकाचा मायना मला आढळला नाही. या उणिवेवर मी एक टिपण लिहिण्यास घेतले, टिपणाचा निबंध झाला, निबंधाला तळटीपा आल्या; विनंतिपत्र मात्र ‘महोदय’ या एकाच शब्दाशी दीर्घकाळ खोळंबून राहिले. एका अनियतकालिकाच्या संपादकांनी तो निबंध मागून घेतला, फुकट छापला आणि मानधनादाखल अंकाची एक प्रत पाठवली, ती दिवाणात ठेवावी लागली.

अप्पा बळवंत चौकात पाठ्यपुस्तकांचे साम्राज्य आहे हे पुण्यात शिशुवर्गापासून सर्वांना ठाऊक आहे. तरीही मी तेथील एका दुकानात प्रती ठेवण्याची विनंती केली. शेकडा 40 कमिशन आणि न खपल्यास माल परत, या बोलीवर दुकानदाराने त्या ठेवून घेतल्या, आणि चाळून पाहून, ‘पत्रलेखन’ हा विषय उमगल्याबरोबर, दहावीच्या व्याकरण-लेखन मार्गदर्शकांच्या शेजारी मांडल्या. तेथे त्या चक्क खपू लागल्या! औपचारिक पत्राला परीक्षेत गुण असतात, आणि पाल्याच्या गुणांसाठी मराठी पालक काय विकत घेणार नाही? यानंतर कोणा विद्यार्थ्याने मुख्याध्यापकांना अखंडितलक्ष्मीअलंकृत करून आजारपणाची रजा मागितली असल्यास आणि परीक्षकाने त्याचे गुण कापले असल्यास तो अन्याय आहे, एवढेच मी म्हणेन. मायना बिनचूक होता.

खरे गिऱ्हाईक निराळ्याच ठिकाणी होते. 2023 साली जुन्या दफ्तरांतून कुणबी नोंदींचा सरकारी शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला, आणि मोडीच्या वर्गांत निवृत्त इतिहासप्रेमींच्या शेजारी तरुण मंडळीही येऊन बसू लागली. या वर्गांत मुळाक्षरे शिकून झाली, आधी सबंध ओळभर शिरोरेघ ओढून मग तिच्याखाली अक्षरे लिहिण्याची ती चमत्कारिक रीत डोळ्यांत मुरली, की विद्यार्थी मोठ्या उमेदीने घरचा कागद उघडतो आणि पहिल्याच ओळीत अडकतो. कारण ती ओळ मायन्याची असते, आणि मायन्यातील निम्मे शब्द आखूड करून लिहिलेले असतात. त्या अडलेल्या माणसाला माझा ग्रंथ हवा असतो, दुसऱ्या कोणाला नाही. सबंध महाराष्ट्रापुढे दवंडी पिटण्यापेक्षा वर्ग सुटण्याच्या वेळी दाराशी पिशवी घेऊन उभे राहणे हाच आमच्यासारख्यांचा व्यापार होय, असे माझे पक्के मत झाले आहे.

अडचण एवढीच, की त्या दारातून जो माणूस बाहेर येतो त्याच्या काखेतही एक पिशवी असते. तो ती उघडतो, जीर्ण कागद पुढे करतो, “सर, हे पहिल्या ओळीत काय आहे?” असे विचारतो, आणि त्या ओळीत मी आजवर न पाहिलेला मायना निघतो. मग आम्ही दोघे जवळच्या उपाहारगृहात बसतो, चहाचे पैसे मी देतो, कागदाची नक्कल उतरवून घेतो, दुसऱ्या आवृत्तीच्या पुरवणीत एका नोंदीची भर पडते, आणि माझी पिशवी न उघडता घरी येते. दुसरी आवृत्ती पहिली संपल्यावर निघते, याचे स्मरण घरून वेळोवेळी देण्यात येते.

तरी वाचकांस विज्ञापना, की ज्यांच्या माळ्यावर पणजोबांच्या पत्रांचे गाठोडे असेल त्यांनी ते रद्दीत देण्यापूर्वी पहिली ओळ वाचून पाहावी, आणि वाचता न आल्यास ग्रंथ मागवावा. टपालखर्च मी सोसेन. गाठोडे घेऊन समक्ष येणाऱ्यांनी मात्र सकाळी येऊ नये. ती विक्रीची वेळ आहे.