अकरावी ऑप्शनला

दहावीचा निकाल लागला की आमच्या सोसायटीत घरोघरी पेढे येतात आणि बारावी सुरू झाली की माझ्याकडे पालक येतात. मधल्या वर्षी कुणी येत नाही. त्या वर्षाला अकरावी म्हणतात.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो. यंदा आलेले चिरंजीव तिसऱ्या मजल्यावरचे. दहावीला ९२ टक्के. जुलैतल्या एका संध्याकाळी आईच्या मागे, चपला न काढता, निघायच्या बेतात उभे होते. आई म्हणाली, "हुशार आहे हो सर. फक्त केमिस्ट्रीचं बेसिक जरा वीक आहे. तेवढं क्लिअर करून द्या."

हे 'बेसिक वीक' म्हणजे काय, ते अनुभवानं मला पाठ झालंय. अकरावीचं पुस्तक उघडलेलं नाही, असा त्याचा सरळ अर्थ. तरी रीत म्हणून विचारलं, "अकरावीत काय काय झालं?"

"अकरावी मी ऑप्शनला टाकली होती, सर."

एखादा धडा ऑप्शनला टाकणारे मी पुष्कळ पाहिले. आम्हीही टाकायचो. अख्खी इयत्ता ऑप्शनला टाकणारी ही पिढी मात्र आमच्यापेक्षा छातीची आहे.

सगळा दोष पोराचा नाही. दहावीला त्यानं रात्रीचा दिवस केलेला असतो, आणि "आता जरा श्वास घेऊ दे त्याला" असं घरातलं जो तो म्हणत असतो. अकरावी प्रवेशाच्या फेऱ्या संपेपर्यंत गणपती येतात. गणपती गेले की नवरात्र, मग दिवाळी. वार्षिक परीक्षा कॉलेजच घेतं, तिचे गुण पुढे कुणी विचारत नाही. क्लासवाल्यांना बारावीची घाई. अशा परिस्थितीत जो अकरावीचा अभ्यास करतो, त्याचंच खरं तर व्यक्तिचित्र लिहायला हवं. पण तो माझ्याकडे येत नाही.

चिरंजीवांचं गणित कच्चं आहे असं कुणी समजू नये. बोर्डाचा पेपर ७० गुणांचा, प्रॅक्टिकल ३० चं. दोन गुणांचे प्रश्न १२ पैकी ८, तीन गुणांचे १२ पैकी ८, चार गुणांचे ५ पैकी ३. बारावीचे सोळा धडे. त्यातले कुठले सोडले तर कितीवर पाणी पडतं, हे तो श्वास न घेता सांगतो. सीईटीला केमिस्ट्रीचे ५० प्रश्न, त्यात अकरावीचे साधारण दहा. "दहाच तर आहेत सर, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही!" एवढं सगळं तोंडावर. मग मी विचारलं, "३६ ग्रॅम पाण्यात मोल किती?" तर म्हणाला, "हा धडा वेटेजमध्ये येतो का?"

बारावीच्या दुसऱ्याच धड्यात द्रावणं येतात. तिथे त्याला 'मोलॅरिटी' आणि 'मोलॅलिटी' हे शब्द एकाच पानावर दिसले. त्यानं पेन्सिलीनं दुसरा दुरुस्त केला. छपाईची चूक आहे, असं त्याला वाटलं.

तेव्हा मी खोकल्याच्या औषधाचं माप आणलं, त्या मापानं मोजून १८ मिलिलिटर पाणी वाटीत ओतलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. "हा एक मोल. डझनात बारा केळी, तसे मोलात ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. या वाटीत पाण्याचे तेवढे रेणू आहेत." तो बराच वेळ वाटीकडे बघत राहिला आणि मग त्यानं ते पाणी पिऊन टाकलं. म्हणाला, "म्हणजे आत्ता माझ्या पोटात एक मोल गेला?" गेला. त्या दिवसापासून घरात, "आई, चहात ०.०१५ मोल साखर घाल" असं सुरू झालं. साखरेचा मोल ३४२ ग्रॅमचा, चमचाभर साखर पाच ग्रॅम धरली तर हिशेब बरोबर आहे. आई माझ्याकडे तक्रार घेऊन आली. शिक्षकाला असली तक्रार आयुष्यात फार वेळा ऐकायला मिळत नाही.

भरात येऊन मी त्याला सांगितलं की मोलातल्या कणांचा हा आकडा ॲव्होगाड्रोनं स्वतः काढलेलाच नाही. त्याचं गृहीतक १८११ चं. तो १८५६ मध्ये वारला. पुढे १९०९ मध्ये पेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं या आकड्याला त्याचं नाव दिलं. चिरंजीवांचा चेहरा उजळला. "म्हणजे त्यांनीपण ऑप्शनला टाकला होता!"

त्याची अकरावीची जर्नल मात्र देखणी. आम्ल-अल्कलीच्या टायट्रेशनची तीन रीडिंगं अगदी एकसारखी, खाली लाल शाईनं चौकटीत सीबीआर, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. इतकी वर्षं प्रयोगशाळेत काढून माझी तीन रीडिंगं अशी जुळली नाहीत. ब्युरेटचं चित्र दाखवून मी विचारलं, "हे काय?" त्यानं दोन्ही बाजूंनी नीट पाहिलं आणि ठामपणे सांगितलं, "पिपेट." बारावीच्या प्रॅक्टिकलची काळजी त्याला नाहीच. सॉल्ट कुठलं आलंय ते लॅबमधले मामा खुणेनं सांगतात, असं मोठ्या मुलांनी त्याला कळवून ठेवलं आहे.

एकदा अमोनियमची परीक्षा शिकवत होतो. सॉल्टमध्ये कॉस्टिक सोडा घालून तापवला की अमोनिया सुटतो, त्याच्या वासानं डोळ्यांत पाणी येतं. अमोनियम क्लोराइड म्हणजे काय, हे चिरंजीवांना सुचेना. त्याची आजी त्याला न्यायला आली होती, दारातूनच म्हणाली, "अरे, नवसागर! कल्हईवाला लावायचा तो." मग तिनं सगळं सांगितलं. भांडं तापवायचं, नवसागर टाकून कापसाच्या बोळ्यानं घासायचं, पांढरा धूर निघतो, मळ सुटतो, मग कथील फिरवायचं. त्या धुरामागचं कारण मी पुरवलं. तापल्यावर नवसागरातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो आणि भांड्यावरचा ऑक्साइड खाऊन टाकतो. आजीला तुरटी माहीत, मोरचूद माहीत, धुण्याचा सोडा माहीत. तिची अकरावी झालेली नाही, पण तिनं ती ऑप्शनलाही टाकलेली नाही.

ऑर्गॅनिकबद्दल थोडक्यात सांगतो. तिथे संयुगांना नावं द्यायची असतात, हा नुसती नावं ठेवतो.

खरी पंचाईत इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत झाली. किराणा दुकानातल्या उधारीसारखी अकरावी तिथे पानापानावर दारात उभी राहते. ॲनोडवर ऑक्सिडेशन, कॅथोडवर रिडक्शन, इथवर पाठांतरानं निभावलं. मग त्यानं विचारलं, "सर, रिडक्शन म्हणजे घट ना? मग इलेक्ट्रॉन मिळतात तरी घट कशी?" प्रश्न उत्तम होता. इलेक्ट्रॉनवर ऋण भार, म्हणून तो मिळाला की ऑक्सिडेशन नंबर घटतो. हे मी सांगितलं. मग ऑक्सिडेशन नंबर म्हणजे काय, ते सांगितलं. मग तो काढायचा कसा, ते सांगितलं. तोवर साडेआठ वाजले आणि बारावीचं पान उलटलंच नव्हतं. जाताना म्हणाला, "सर, अकरावीचा रेडॉक्सचा धडा एकदा वाचून टाकतो." हे वाक्य ऐकायला मी जुलैपासून बसलो होतो.

पण वाचणार कशातून? त्याचं पुस्तक मे महिन्यात रद्दीत गेलं. नवंकोरं असूनही रद्दीवाल्यानं भाव रद्दीचाच दिला, असं तो अजून तक्रारीच्या सुरात सांगतो. बालभारतीच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं, पण मोबाइल आईच्या कपाटात आहे आणि मोबाइल परत द्या असं सांगण्याची माझी प्राज्ञा नाही. मी पैसे देऊन त्याला पुस्तक आणायला अप्पा बळवंत चौकात पाठवलं. तीन तासांनी बारावीचा अपेक्षित प्रश्नसंच घेऊन आला. उरलेल्या पैशांची मस्तानी झाली होती.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. कुणाच्या माळ्यावर अकरावीच्या रसायनशास्त्राचं पुस्तक पडून असेल तर आमच्याकडे पोचतं करा. आवृत्ती चालू अभ्यासक्रमाची हवी, एवढीच अट. कव्हर फाटलेलं चालेल. आतून ते कोरंच असणार.