सेक्रेटरींचं गाव

आमचे बाबा डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. दुसरं कुणी घेईना म्हणून हे पद त्यांच्याकडे राहिलं ते राहिलंच. 'जिन्यात चपला ठेवू नयेत', 'ओला व सुका कचरा वेगळा करावा' अशा नोटिसा ते सुवाच्य अक्षरात लिहून बोर्डावर लावतात. लोक त्या वाचतातही, पण शुद्धलेखनाच्या चुका काढण्यापुरत्या. मी मास्टर्स करायला परदेशी निघालो तेव्हा एक गोष्ट नक्की होती : नोटिसांमधून आपण सुटलो.

आणि नेमका श्टुटगार्टला येऊन पडलो.

जर्मनीत शिक्षण फुकट असतं, असं ज्या काकांनी सांगितलं होतं त्यांनी बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्याचं नाव ऐकलेलं नव्हतं. इथे आम्हा परदेशी पोरांना सेमिस्टरला 1,500 युरो पडतात. वर व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये 11,904 युरो अडकवून ठेवायचे, तेही महिन्याला ठरलेल्या हप्त्यानेच आपल्याला मिळणार. तर अशा खिशाला परवडेल ती खोली एका जुन्या इमारतीत मिळाली. थोड्याच दिवसांत दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकलेली दिसली : 'केरवोखे'. फोटो घरी पाठवला. आईला ते तोरण वाटलं. आत्याने लगेच नमस्काराचे हात पाठवले. बाबांनी मात्र फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "नोटीस आहे ती."

नोटीसच होती. ज्याच्या दाराला पाटी, त्याने त्या आठवड्यात आपल्या मजल्याचा जिना झाडायचा, पुसायचा आणि पाटी शेजारच्या दाराला अडकवायची. ही झाली धाकटी पाळी. थोरल्या पाळीत प्रवेशद्वार, तळघराचा जिना, समोरचा फुटपाथ आणि हिवाळ्यात त्यावरचा बर्फसुद्धा. हे सगळं मला खालच्या मजल्यावरच्या आजींनी समजावलं, म्हणजे समजावू पाहिलं. मुंबईच्या माक्स म्युलर भवनात शिकलेलं जर्मन या आजींपुढे चालत नाही. आम्हाला सगळं येतं, फक्त प्रमाण जर्मन येत नाही, अशी जाहिरात या राज्याने स्वतःच केलेली आहे. शेवटी आजींनी भाषेचा नाद सोडला आणि झाडू हातात घेतला. आधी पायपुसणं उचलून झटकलं. मग भिंतीकडून कठड्याकडे, एकेक पायरी. कोपऱ्यात झाडू उभा धरून त्याच्या टोकाने धूळ ओढली. मग कठड्याच्या खालून बोट फिरवलं आणि ते बोट माझ्या नाकासमोर धरलं. त्याला भाषांतर लागलं नाही.

ही हकीकत ऐकून आई म्हणाली, "इथे स्वतःचं ताट उचलत नव्हतास!" बाबा काहीच बोलले नाहीत. नंतर कळलं, ते रात्री दीडपर्यंत या प्रथेचा इतिहास वाचत बसले होते. 1492 साली कोलंबस हिंदुस्थान शोधायला निघाला, त्याच साली श्टुटगार्टच्या नगर-नियमांत लिहिलं गेलं की प्रत्येकाने आपला उकिरडा दर आठवड्याला बाहेर नेऊन टाकावा. "एकाने भरकटायचं ठरवलं, एकाने झाडायचं," बाबा म्हणाले. 1988 मध्ये महापालिकेने ही सक्ती काढून टाकली, तरी घरभाड्याच्या करारांत ती टिकून आहे, हे वाचून त्यांचा कंठ दाटून आला. त्यात या शहरात चारशेच्या वर सार्वजनिक जिने आहेत, डोंगरउतारावरून द्राक्षमळ्यांच्या कडेने उतरणारे. मुंबई आणि श्टुटगार्ट 1968 पासून भगिनी-शहरं आहेत, आणि इतक्या वर्षांत तिकडून इकडे एक झाडूसुद्धा आला नाही, याचं त्यांना वैषम्य वाटतं. त्या नात्यात डोंबिवली धरतात का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

तेव्हापासून फोनवर "जेवलास का?" बंद झालं. आता पहिला प्रश्न, "पाटी कुणाकडे आहे?"

तसे दिवाळीला इथले मराठी लोक जमतात. चिवडा चांगला असतो. पण गप्पा व्हिसावरून सोन्याच्या भावावर जातात आणि पुन्हा व्हिसावर येतात. परतताना ट्रेनमध्ये डोंबिवली जास्तच आठवते. विद्यापीठात सगळे इतके नम्र की आपण कायम पाहुणेच. माझ्यावर हक्काने ओरडायच्या त्या या आजीच. रविवारी रिकाम्या काचेच्या बाटल्या टाकायला निघालो तर खिडकीतून गर्जना : रविवारी खळखळाट करायचा नाही! त्या दिवशी मला एकदम बरं वाटलं.

बर्फ पडला त्या पहाटे आजींच्या वाटणीचा फुटपाथही मीच साफ केला. संध्याकाळी दाराशी वाडगा आला. मसुरासारखी डाळ आणि त्यात कणकेचे जाडसर शेवयांसारखे तुकडे, म्हणजे चक्क वरणफळं! वर सॉसेज आणि व्हिनेगर. इथल्या लोकांचं हे अभिमानाचं पक्वान्न. आई व्हिडिओवर बघून म्हणाली, "एक फोडणी घातली असती तर काय बिघडलं असतं?"

आता आमच्या मजल्यावर बार्सिलोनाचा एक मुलगा राहायला आलाय. पाटी त्याच्या दाराला लटकून लटकून दमली, जिना जैसे थे. तिसऱ्या पायरीच्या कोपऱ्यात पार्सलच्या चिकटपट्टीचा एक तुकडा होता. जाता-येता तो दिसला की माझं डोकं फिरायचं. शेवटी बाबांना फोन लावला. त्यांनी श्वासही न घेता सांगायला सुरुवात केली : "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की…" मी ते जर्मनमध्ये उतरवलं आणि चुका तपासायला आजींकडे नेलं. आजींनी चष्मा लावला, दोनदा वाचलं, 'कृपया' खोडलं आणि शेवटी उद्गारचिन्ह घातलं. खाली बाबांसारखीच दुहेरी रेघ ओढली.

फोटो पाहून बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाईंना विचार, आपल्या कमिटीत एक जागा रिकामी आहे."